मणका सरकलाच नव्हता

एका कुशीवर झोपायचं. खालचा पाय सरळ, वरचा गुडघा पोटाशी, हात छातीवर. "श्वास सोडा," असं तो सांगतो. आपण सोडतो, अंग ढिलं पडतं आणि नेमक्या त्याच क्षणी तो एका हाताने खांदा मागे रेटतो, दुसऱ्याने कंबर पुढे ओढतो. कट्-कडाड! पाठीत कुठेतरी आवाज होतो. "बसला बघा मणका." उठून उभं राहावं तर खरंच हलकं वाटतं. सकाळी बुटाची नाडी बांधायला कुणाला तरी हाक मारावी लागली होती, आता बोटं घोट्यापर्यंत पोचतात.

कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताच्या झटक्याने मणके 'बसवून' देणाऱ्या उपचारकाच्या, त्या टेबलावर मी सात-आठ वेळा झोपले आहे. त्यामुळे 'सगळं थोतांड' म्हणून एका वाक्यात उडवून लावणाऱ्यांतली मी नाही. उतार पडायचा, हे खरं. दोन दिवस टिकायचा आणि तिसऱ्या दिवशी पाठ पुन्हा जिथल्या तिथे. माझी शंका त्या उतारावर नाहीच, 'बसला मणका' या दोन शब्दांवर आहे. बसला म्हणजे आधी सरकला होता. आज सरकला म्हणजे उद्याही सरकू शकतो. या हिशोबाने मी जवळजवळ दोन वर्षं खाली पडलेली वस्तू वाकून उचलली नाही.

आधी त्या आवाजाचं बघू. मणक्यांच्या मागच्या अंगाला, उजवी-डावीकडे, छोटे छोटे सांधे असतात. बोटाच्या पेरांसारखेच. त्यांच्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्या द्रवात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो, द्रवात पोकळी तयार होते आणि 'कट्' होतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटं ओढत असतानाच त्यांचं एमआरआय चित्रण केलं, तेव्हा आवाजाच्या क्षणी ही पोकळी उमटताना दिसली. एकदा कडकलेलं पेर लगेच पुन्हा कडकत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, तेही याच्यामुळेच. आपण त्याला 'बोटं मोडणं' म्हणतो, पण त्यात काही मोडत नाही, तसंच काही बसतही नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेसाठी तसाच ठेवला, आणि शेवटी दोन्ही हातांत संधिवात नाही असं जाहीर केलं. २००९ साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. बोटं मोडली की संधिवात होतो असं त्यांची आई लहानपणी ओरडायची, त्यावरून हा उद्योग सुरू झाला होता म्हणे.

आता पाठीकडे. २००४ साली एका संशोधनात अनुभवी कायरोप्रॅक्टरांना ठरावीक मणका कडकवायला सांगितलं आणि आवाज नेमका कुठून येतो ते पाठीवर संवेदक चिकटवून मोजलं. कंबरेत जवळपास निम्म्याच वेळा आवाज ठरवलेल्या जागेवरून आला, बाकीच्या वेळी शेजारच्या किंवा त्याही पलीकडच्या मणक्यातून. तरीही रुग्णाला उतार पडतोच. नंतरच्या अभ्यासांची बेरीज करून पाहिली तेव्हा, दाब 'नेमक्या' मणक्यावर दिला काय किंवा भलत्याच ठिकाणी दिला काय, दुखण्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे या उपचाराने जो काही गुण येतो, तो सरकलेला मणका जागेवर बसवल्याचा नाही.

ही सरकण्याची गोष्ट आली कुठून? डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी 'चुंबकीय उपचार' करायचे. १८९५ च्या सप्टेंबरात त्यांनी आपल्याच इमारतीत साफसफाई करणाऱ्या हार्वे लिलार्ड या माणसाच्या पाठीतला एक उंचवटा दाबून बसवला, आणि सतरा वर्षांचं त्याचं बहिरेपण गेलं, असा त्यांचा दावा. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, कवटीच्या आतल्या आत. पाठीशी तिचा संबंध येत नाही. पण पामर यांनी त्यावर अख्खं शास्त्र उभारलं. हाडं किंचित सरकतात, नसांवर दाब येतो, शरीरातली उपजत शक्ती अडते आणि रोग होतात. शंभरातले ९५ रोग मणके सरकल्याने होतात असं त्यांनी १९१० साली लिहून ठेवलं आहे. या काल्पनिक सरकण्याला त्यांनी 'सबलक्सेशन' म्हटलं. घोळ असा की वैद्यकातही हा शब्द आहे, पण तिथे त्याचा अर्थ सांधा खरोखर अर्धवट निखळणं. ते एक्स-रेत दिसतं, आणि असा सांधा पिळायला कुणी शहाणा माणूस धजणार नाही. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांचं नियमन करणाऱ्या त्यांच्याच परिषदेने २०१० साली स्पष्ट केलं की सबलक्सेशनची कल्पना ऐतिहासिक आहे, आणि रोग त्यामुळे होतात याला संशोधनाचा आधार नाही.

डॉक्टर मंडळीही या भांडणात धुतल्या तांदळाची नव्हती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर वर्षानुवर्षं बहिष्कार घातला. चौघा-पाच कायरोप्रॅक्टरांनी १९७६ साली दावा लावला आणि १९८७ साली न्यायालयाने हा बहिष्कार बेकायदा ठरवला. त्याचा दाखला आजही 'कायरोप्रॅक्टिक न्यायालयात सिद्ध झालं' असा दिला जातो. तसं काही झालेलं नाही, खटला व्यापारात अडथळा आणण्याबद्दलचा होता. पुढे २००८ साली उलटं घडलं. सायमन सिंग या विज्ञानलेखकाने, तान्ह्या मुलांची पोटदुखी किंवा दमा मणके दाबून बरा करण्याच्या दाव्यांवर टीका केली, म्हणून ब्रिटिश कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. २०१० मध्ये त्यांनी तो मागे घेतला.

आता जरा नावडतं, म्हणजे माझ्यासारख्या शंकेखोरांना नावडतं. कंबरदुखीपुरतं बोलायचं तर हा उपचार अगदीच निकामी नाही. २०१९ साली ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, ९,२११ रुग्णांचा. जुन्या कंबरदुखीत मणक्यांवरचा हा हस्तोपचार आणि व्यायामासारखे इतर मान्य उपचार यांच्यात दुखण्याच्या बाबतीत फार फरक नाही, असं त्यात निघालं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ च्या मार्गदर्शिकेत, पुराव्याचा भरवसा फारसा नाही हे नमूद करून, तो पर्यायांमध्ये ठेवला आहे. त्याआधी १९९८ ची एक चाचणी तर मला फार बोलकी वाटते. ३२१ जणांचे गट केले. काही जणांवर कायरोप्रॅक्टिक, काहींना फिजिओथेरपीतले विशिष्ट व्यायाम, आणि बाकीच्यांच्या हातात नुसती माहितीपुस्तिका. पुस्तिकेवाल्यांपेक्षा बाकी दोघे पुढे होते, पण जेमतेम.

मग टेबलावरून उठताना इतकं हलकं का वाटतं? एक तर झटका बसला की आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात आणि मज्जासंस्था दुखण्याची दखल जरा कमी घेते. दुसरं, कुणीतरी अर्धा तास आपलं ऐकून घेतलं, जिथे दुखतं तिथेच हात ठेवला, आणि कडाड असा पुरावाही ऐकवला. याचा परिणाम होतो, त्याला हसण्यासारखं काही नाही. तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. कंबरदुखी भरती-ओहोटीसारखी चालते आणि आपण उपचाराला जातो ते अगदी असह्य झाल्यावर. तिथून पुढे ती बहुतेक वेळा आपसूकच उतरणार असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, आणि मान कावळ्याला मिळतो.

सरकण्याची हीच गोष्ट दुसऱ्या वेशात एमआरआयच्या रिपोर्टमधून येते. 'गादी सरकली.' मणक्यांमधली गादी सरकत नाही, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. तिचं बाहेरचं वेष्टण फुगतं किंवा फाटतं आणि आतला मऊ भाग बाहेर डोकावतो. ते कधी कधी नक्कीच त्रासदायक असतं. नस दाबली जाऊन पाय पोटरीपर्यंत पेटतो, तो सायटिका याच्यातलाच. पण रिपोर्टमधल्या प्रत्येक फुगवट्याचा दुखण्याशी संबंध असतोच असं नाही. १९९४ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचं एमआरआय केलं, तर त्यातल्या ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसते, ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. केस पिकण्याला आपण आजार म्हणत नाही, पण आतलं पिकणं कागदावर छापून आलं की पायाखालची जमीन सरकते. माझ्या रिपोर्टमध्ये चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एक भीतिदायक शब्द. तो लिफाफा मी कित्येक महिने पर्समध्ये घेऊन हिंडले, विचारेल त्याला दाखवायला.

आणखी एक गंमत. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं, आणि तुकडा जितका मोठा तितका शोषला जाण्याचा संभव जास्त. पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के वेळा आक्रसलेले आढळले, नुसते फुगवटे मात्र १३ टक्केच. शरीर सुटलेल्या तुकड्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतं, बहुधा म्हणून.

तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या कंबरदुखीला जुनी म्हणतात. दहातल्या नऊ जणांत तिच्यामागे बोट ठेवावं असं एक ठरावीक कारण सापडत नाही. याचा अर्थ दुखणं खोटं असा नाही. दुखणं हे नुकसानीचं माप नसून धोक्याची सूचना असते, आणि सूचना देणारा मेंदू अंदाजाने चालतो. १९९५ साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या बांधकाम मजुराची हकिगत आली होती. उडी मारली आणि १५ सेंटिमीटरचा खिळा बुटातून आरपार वर आला. बूट जरा हलला तरी तो कळवळायचा. गुंगीची औषधं देऊन खिळा काढला, बूट उतरवला, तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला. पायाला ओरखडाही नाही. तो नाटक करत नव्हता, त्याला खरोखर दुखत होतं.

जुन्या कंबरदुखीत बऱ्याचदा असंच होतं. मूळ लचक केव्हाच भरून आलेली असते, पण दुधाने तोंड पोळलेली मज्जासंस्था ताकही फुंकून पिते. साधं वाकलं तरी स्नायू आवळते, झोप कमी झाली की जास्त, काळजी असली की आणखी. त्यात कुणी अधिकारवाणीने सांगितलं की तुमचा मणका सरकतो, की तिच्या संशयाला पुरावाच मिळाला. म्हणून 'मणका सरकला' आणि 'गादी सरकली' ही दोन वाक्यं मला निरुपद्रवी वाटत नाहीत.

मग करायचं काय? पडून राहायचं नाही, हे पहिलं. हेलसिंकीतल्या १९९५ च्या चाचणीत ताजी कंबर धरलेल्यांपैकी दोन दिवस झोपून काढणारे मागे पडले आणि जमेल तेवढे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. कंबरपट्टा आणि वजनं लावून ताणणं, या दोन्हींच्या विरोधात जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. पॅरासिटामॉल ताज्या कंबरदुखीतही नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही, ही २०१४ ची चाचणी. अफूजन्य वेदनाशामकांची तीच गत, वर सवय लागण्याची भीती.

व्यायाम उपयोगी पडतो, पण अमुकच व्यायाम असं काही नाही. योग, पोहणं, वजनं उचलणं, जो सहा महिन्यांनीही चालू असेल तो चांगला. सगळ्यात साधा पुरावा चालण्याचा आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांची ऑस्ट्रेलियातली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना फिजिओने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं, आठवड्यातून पाच दिवस, अर्ध्या तासापर्यंत. त्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांची ११२ दिवसांतच धरली.

पण 'व्यायाम करा' असं सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत, आणि माझी गाडी तिथेच अडायची. बरं वाटलं की मी अख्खं कपाट आवरायला काढायचे. चार तास. मग तीन दिवस अंथरूण. मग पुन्हा बरं वाटलं की राहिलेला खालचा कप्पा. एका फिजिओने मला घड्याळ लावायला सांगितलं. वाईट दिवशी किती वेळ उभं राहता येतं? बारा मिनिटं. मग रोज दहाच मिनिटं उभं राहायचं, मग बसायचं. दुखो वा न दुखो. चांगल्या दिवशी दहा मिनिटांनी थांबणं वाईट दिवशी दहा मिनिटं काढण्यापेक्षा अवघड असतं, हे मला तेव्हा कळलं. आठवड्याला एखादं मिनिट वाढवायचं. वाकण्याचंही तसंच. आधी खुर्चीवर ठेवलेलं पुस्तक उचलायचं, मग पाटावरचं, मग जमिनीवरचं. पाठ ताठ ठेवून गुडघ्यातून नव्हे, आपण सगळे वाकतो तसं, पाठीतून. पहिल्यांदा जमिनीवरून पुस्तक उचललं तेव्हा मी कडाड असा आवाज यायची वाट बघत तशीच थांबले होते.

मनाच्या बाजूने केलेले उपचारही आहेत, आणि त्यांचं नाव काढलं की रुग्ण चिडतो. "म्हणजे मला वेड लागलंय का?" मीही चिडले होते. २०२२ साली १५१ जणांवरच्या चाचणीत एका गटाला चार आठवडे शिकवलं की हे दुखणं इजा नसून मेंदूने लावून धरलेला गजर आहे, आणि घाबरायला होईल अशा हालचाली त्या नजरेने करून घेतल्या. अखेरीस त्यांच्यातल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा नावापुरतं राहिलं. खोट्या इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण २० टक्के होतं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १०. चाचणी एकच आणि लहान आहे, शिवाय त्यातल्या लोकांचं दुखणं फार तीव्र नव्हतं, तेव्हा मी त्यावर नाचणार नाही. पण एवढा फरक या क्षेत्रात सहसा दिसत नाही.

एवढं वाचूनही कुणाला टेबलावर झोपायचं असेल तर झोपावं. कंबरेसाठी चार-सहा वेळा जाऊन बघायला हरकत नाही, आणि सबलक्सेशनचं नावही न काढता व्यायामावर भर देणारे कायरोप्रॅक्टरही आहेत. मात्र पहिल्याच दिवशी चाळीस भेटींचं पॅकेज, सरसकट एक्स-रे, 'तुमचा एक पाय आखूड आहे', 'थांबलात तर पुढे लुळेपणा येईल' असलं काही कानावर आलं की चपला घालून निघावं. मानेला तर मी कुणाला हात लावू देणार नाही. मानेतल्या मणक्यांमधून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटलं तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं, आणि वाहिनी आधीच फाटत असल्यामुळे मान दुखून माणूस तिथे गेलेला असतो की काय, यावर वाद आहे. पण मानदुखीवर याहून सौम्य उपाय असताना तो वाद स्वतःच्या मानेवर कशाला सोडवा? हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर कंबरेचाही झटका नको.

काही लक्षणं दिसली तर मात्र कायरोप्रॅक्टर, फिजिओ, लेख, कशासाठीच थांबू नये. बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद कमी होत जाणं, असं काही झालं तर त्याच दिवशी इस्पितळ. ताप, कारण नसताना उतरणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही डॉक्टरांना लगेच सांगावं. आणि तरुण वयात पहाटे दुखण्याने जाग येत असेल, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ ताठरलेली राहत असेल आणि हालचालीने बरं वाटत असेल, तर तो मणक्यांचा दाहक संधिवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात आणि ती लवकर सुरू झालेली बरी.

माझी पाठ गेल्या महिन्यात पुन्हा धरली. कारण शोधायचं मी सोडून दिलं आहे. पहिल्या दिवशी शेक घेतला, भिंतीला धरून खोलीतल्या खोलीत पाच-पाच मिनिटं चालले, दर तासाला. दुसऱ्या दिवशी जिना उतरून कोपऱ्यापर्यंत. चौथ्या दिवशी बुटाची नाडी बांधली, जरा तोंड वाकडं करून. दहाव्या दिवशी कपाटाचा खालचा कप्पा उघडला, दहा मिनिटं आवरला आणि घड्याळ वाजल्यावर तसाच अर्धवट सोडून उठले.